खानदेशांतील बेटें

दूरच्या बेटांविषयींची आवड आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे बरीच वाढली आहे, आणि ती आवड वाईट आहे असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. जळगांव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांत रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं मुलेंमाणसें पडद्यासमोर बसतात आणि गालापागोसच्या अजस्र कांसवांचीं चित्रें मोठ्या कौतुकानें पाहतात. मॉरिशस बेटावरील डोडो पक्षी सतराव्या शतकांत खलाशांनीं आणि त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या डुकरा-उंदरांनीं कसा नामशेष केला, ही कथा शाळेंतला मुलगाही घडाघडा सांगतो. आपल्याच देशांतील ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नवें नगर उभारण्यासाठीं सुमारें १३० चौरस किलोमीटर अरण्य देण्यास २०२२ सालीं तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि त्या सदाहरित अरण्याची भरपाई समुद्रापलीकडे हरियाणांत रोपें लावून करावयाची असें ठरलें, तेव्हां आमच्याकडील पुष्कळ सभ्य गृहस्थांनीं कपाळाला हात लावला. त्यांचें तें करणें योग्यच होतें. वाळूंत अंडीं घालणाऱ्या सागरी कांसवाला हरियाणांतील रोपाचा काय उपयोग?

ही हळहळ खरी आहे हें आम्ही मान्य करितों. परंतु जी हळहळ अंदमानच्या समुद्रापर्यंत पोहोंचते आणि यावल-चोपड्याच्या उत्तरेस दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशीं मात्र मुकी होते, तिची किंमत काय करावी? आम्हांस आज याच प्रश्नाविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते कांहींसे कडू लागले तरी वाचकांनीं ते ऐकून घ्यावे अशी आमची विनंति आहे. कारण आमचें म्हणणें असें आहे कीं, ज्यास आपण खानदेश म्हणतों तोच एक द्वीपसमूह आहे. आपण राहतों तो त्यांतल्या समुद्रांत. आणि या समुद्रांतील लोकांनीं आपल्या बेटांचा शोध दीडशें वर्षांत फारसा घेतलेला नाहीं.

हें विधान अलंकारिक नाहीं. खानदेशचा नकाशा समोर घ्यावा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. तापीच्या दोन्ही कांठांवरील काळ्या जमिनींत कापूस, ज्वारी, केळी यांचें राज्य आहे, आणि तें सातपुड्याच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन भिडलें आहे. या सपाटीच्या कडेनें जें जंगल उरलें तें अखंड पट्ट्याच्या रूपानें उरलेलें नाहीं. जळगांव जिल्ह्यांत १९६९ सालीं स्थापन झालेलें यावलचें अभयारण्य आहे, त्याचा विस्तार सुमारें १७७ चौरस किलोमीटर. पश्चिमेस शिरपूर तालुक्यांत १९८६ चें अनेर धरणाचें अभयारण्य आहे, तें त्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यापुढें तोरणमाळचें पठार व अक्राणीचा डोंगराळ मुलूख. पूर्वेच्या टोंकास मुक्ताईनगराजवळ वढोद्याचें रान, ज्यास २०१४ सालीं मुक्ताई-भवानी या नांवानें संरक्षण मिळालें. दक्षिणेकडे चाळीसगांवच्या अंगास पाटणादेवी व गौताळा. यांच्यामध्यें शेतें, रस्ते, वस्त्या, उघडे पडलेले उतार. एका रानांतून दुसऱ्या रानांत जावयाचें तर हा मधला मुलूख ओलांडलाच पाहिजे. ज्या प्राण्यास तो ओलांडतां येतो त्याच्यापुरता तो मुलूख उथळ ओढ्यासारखा. ज्यास ओलांडतां येत नाहीं त्यास तो अथांग समुद्र.

दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं, रॉबर्ट मॅकआर्थर व एडवर्ड विल्सन यांनीं, १९६७ सालीं बेटांवरील जीवांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखविलेली गोष्ट अशी कीं, एखाद्या बेटावर किती जाती नांदतील हें दोन गोष्टींवर ठरतें: नवे जीव तेथें किती वारंवार पोहोंचतात आणि असलेले किती वारंवार नाहींसे होतात. बेट लहान असेल तर नाहींसे होण्याचा वेग वाढतो, दूर असेल तर येण्याचा वेग घटतो. क्षेत्र दहा पटींनीं कमी झालें तर जातींची संख्या साधारणतः निम्म्यावर येते, असा एक स्थूल नियमही त्यावरून सांगतात. हा हिशेब पाण्यानें वेढलेल्या भूमीपुरताच राहिला नाहीं. पनामाचा कालवा खोदतांना चाग्रेस नदी अडविली गेली, दऱ्या बुडाल्या आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. सुमारें दीड हजार हेक्टरांचा हा माथा, बारो कोलोराडो, १९२३ पासून शास्त्रज्ञांच्या अभ्यासासाठीं राखून ठेवला आहे. तेथें शिकारीस व झाडें तोडण्यास मनाई होती. तरीही केवळ बेट झाल्यामुळें तेथील कित्येक जातींचे पक्षी एकामागून एक दिसेनासे झाले. कुंपण घालून पहारा बसविला म्हणजे जंगल वांचलें अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं या टेकडीची गोष्ट लक्षांत ठेवावी. यावलचें बेट बारो कोलोराडोपेक्षां मोठें आहे खरें, पण तेथें कुऱ्हाड थांबलेली नाहीं, हाही भेद विसरतां येत नाहीं.

मुक्ताईनगर तालुक्यांत डोलारखेड्याच्या बाजूस वाघ केळीच्या बागांत आसरा घेतो, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. वाघास केळीची बाग हें पाण्याची सोय असलेलें थंडगार रानच वाटत असावें. त्या बातम्या वाचून आमच्यांतील कांहींना असें वाटूं लागलें कीं, शेती आणि रान यांचा मेळ आपोआप बसतो. जनावरें जुळवून घेतात. वाघ जुळवून घेईल. बिबट्या तर उसांतही पिलें वाढवितो. पण सर्वच जीवांची ही ऐपत नसते. आणि ज्याची नाहीं अशा एका खानदेशी रहिवाशाची हकीकत सांगणें हेंच या लेखाचें मुख्य प्रयोजन आहे.

त्या रहिवाशाचें नांव रानपिंगळा. आपल्या वाड्यांच्या वळचणीला, चिंचेच्या ढोलींत राहणारा आणि तिन्हीसांजेस कलकलाट करणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण गांवाच्या वाऱ्यास न उभा राहणारा. याच्या डोक्यावर ते ठसठशीत पांढरे ठिपके जवळजवळ नसतात; पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे असतात; चोंच व पाय अंगाच्या मानानें दांडगे असतात. आणि विशेष म्हणजे हें घुबड दिवसा शिकार करतें. सागाच्या विरळ, कोरड्या जंगलांत उघड्या फांदीवर बसून तें शेपटी झटकीत खालची जमीन न्याहाळतें आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे यांवर झेंप घालतें. हिवाळ्याच्या तोंडाशीं त्याचा वीण-हंगाम सुरू होतो. घरटें म्हणजे जुन्या झाडाची ढोली. दुसरें घर त्यास चालत नाहीं.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यानें १८७३ सालीं या पक्ष्याचें प्रथम वर्णन केलें. होय, तोच ह्यूम, ज्यानें पुढें १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. परंतु त्याचा हा दुसरा संसार आमच्या राजकीय चरित्रकारांना फारसा महत्त्वाचा वाटलेला दिसत नाहीं. ब्लूइट नांवाच्या अधिकाऱ्यास छत्तीसगडच्या बाजूस पहिला पक्षी मिळाला म्हणून त्याचेंच नांव या जातीस दिलें गेलें. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें आपल्या पश्चिम खानदेशांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, कांहीं नमुने मिळविले. सर्व मिळून जगांतील संग्रहालयांत जेमतेम सात. १८८४ सालीं डेव्हिडसननें शेवटचा नमुना घेतला आणि त्यानंतर रानपिंगळा जणूं हवेंत विरून गेला.

येथून पुढची हकीकत एखाद्या रहस्यकथेस शोभेल अशी आहे. १९१४ सालीं गुजरातेंत तापीकांठच्या मांडवी येथें हा पक्षी आपण स्वतः मारला, असा दावा कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या बड्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें केला. त्याचें नांव मोठें, हुद्दा मोठा. त्याच्या शब्दावर संशय कोण घेणार? शोध करणारे त्या चिठ्ठीच्या भरंवशावर चालले. डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनींही या पक्ष्याचा माग घेतला, पण तो सांपडला नाहीं. अखेर पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें त्या कर्नलच्या संग्रहाची कसून तपासणी केली. तिनें व नायजेल कॉलर यांनीं १९९९ सालीं जें प्रसिद्ध केलें तें वाचून पक्षिशास्त्राच्या जगास धक्का बसला. क्ष-किरणांच्या साह्यानें आंतील भरण व शिवण पाहतां असें सिद्ध झालें कीं, हा पक्षी मांडवीचा नव्हताच. ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, नव्यानें शिवलेला आणि खोट्या चिठ्ठीनें सजविलेला तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. म्हणजे खानदेशचा पक्षी लंडनमध्यें चोरीस गेला आणि चोरानें त्याचें गांवही बदललें! आमच्या मुलखाच्या वाट्यास आलेल्या अनेक अन्यायांत याची गणना कोणी केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

खोटी चिठ्ठी बाजूस काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्या हातीं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांत आले. पूर्वेकडील जुन्या जागा त्यांनीं आधीं धुंडाळल्या. तेथें निराशा झाली. मग ते खानदेशांत उतरले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळच्या उजेडांत शहाद्याजवळ एका झाडाच्या शेंड्याकडे रानपिंगळा त्यांना बसलेला दिसला. एकशें तेरा वर्षांनंतर! आज ती जागा नंदुरबार जिल्ह्यांत मोडते. पण तो जिल्हा १९९८ सालीं वेगळा झाला, त्या सकाळीं ती धुळें जिल्ह्याचीच भूमि होती.

आतां आमचा प्रश्न. या एकशें तेरा वर्षांत आम्ही खानदेशकर काय करीत होतों? हा मुलूख अडाणी होता असें म्हणावें तर तसेंही नाहीं. अमळनेरास १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें आणि दूरदूरचे पंडित तेथें येऊन वेदान्तावर चर्चा करूं लागले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या दफ्तरांच्या रक्षणासाठीं याच शहरानें संशोधन मंडळ स्थापिलें. कवि, शिक्षक, देशभक्त यांची वाण या भूमीस केव्हांच पडली नाहीं. जुना कागद सांपडावा म्हणून वाड्यावाड्यांचे पोटमाळे आम्हीं झाडले. परंतु डोंगराच्या पायथ्याशीं दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा, जगांत दुर्मिळ ठरलेला पक्षी कोणी पाहून ठेवला नाहीं. शहाद्याहून तो कांहीं मैलांवर होता. तिकीट काढावें लागत नव्हतें.

यावर आम्हांस दोन उत्तरें मिळतात, आणि दोन्ही ऐकण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, नमुने सारे परदेशांत. तुलनेसाठीं हातांत कांहींच नाहीं. मग गांवच्या पिंगळ्याहून हा निराळा आहे हें येथील मनुष्यास कळणार कसें? या म्हणण्यांत तथ्य आहे. ज्ञानाचें साहित्य उचलून नेणाऱ्यांनीं ज्ञानाचा मक्ताही नेला, हें परतंत्र देशांत घडतच होतें. पण देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला आणि सालिम अलींचीं सचित्र पुस्तकें तर त्याआधींपासून बाजारांत होतीं. पुढचीं पन्नास वर्षें कोणाच्या खातीं मांडावयाचीं? दुसरें उत्तर असें कीं, हा पक्षी तेथील पावरा-भिल्ल लोकांस ठाऊक असणारच. तो 'हरवला' होता तो केवळ शास्त्रज्ञांपुरता. हेंही आम्हांस पटतें. मात्र तें आमच्या बचावास येत नाहीं, उलट आमच्यावर उलटतें. ज्यांना ठाऊक होतें त्यांना कोणी विचारलें नाहीं. भगताच्या औषधांविषयीं, होळीच्या नाचाविषयीं त्यांना विचारणारे निघाले. पक्ष्यांविषयीं विचारावें असें कोणत्याही कॉलेजास सुचलें नाहीं.

१९९७ नंतर मात्र कामास वेग आला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेतर्फें डॉ. असद रहमानी व फराह इश्तियाक यांनीं या पक्ष्याचा आवाज, वीण व आहार यांचा अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट, मध्यप्रदेशांतील खकनार अशा ठिकाणीं तो आढळला. २०१४ सालीं तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांतही तो दिसला. आणि येथेंच एका नव्या आळसास निमित्त मिळालें आहे. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय यादींत या पक्ष्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी खालीं आणला गेला. लगेच म्हणणारे म्हणूं लागले, "पाहा, उगाच ओरड होती, पक्षी वाढले!" पक्षी वाढले याचा यांत कांहीं पुरावा नाहीं. वाढले ते पाहणारे. अधिक ठिकाणीं शोध झाला म्हणून अधिक पक्षी मोजणींत आले, एवढाच त्याचा अर्थ. आणि तरीही साऱ्या जगांतील प्रौढ रानपिंगळ्यांचा अंदाज २५० ते ९९९ असाच धरला आहे. एखाद्या खेडेगांवाची शिरगणतीही याहून मोठी भरते. ते सारे एका ठिकाणीं असते तरी चिंता होती. ते तर बेटाबेटांवर विखुरलेले आहेत, आणि एका बेटावरचा नर दुसऱ्या बेटावरच्या मादीपर्यंत कापसाच्या शेतांवरून पोहोंचेलच याची कोणी हमी देत नाहीं.

सरकार कांहींच करीत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; तें करितें तेंच पुष्कळदां आम्हांस भिवविणारें असतें. २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारनें तेहतीस कोटी रोपें लावण्याचा संकल्प सोडला. शाळांतून, कचेऱ्यांतून खड्डे खणले गेले, छायाचित्रें निघालीं. रोपें लावूं नयेत असें कोण म्हणेल? परंतु रानपिंगळ्यास रोप नको, ढोली हवी. ढोली पडावयास झाड म्हातारें व्हावें लागतें, त्याची फांदी मोडावी लागते, गाभा कुजावा लागतो, सुताराची चोंच चालावी लागते. यास कित्येक दशकें लागतात. असें झाड लांकूडफांट्यासाठीं निघालेल्या माणसास पहिल्यानें दिसतें, कारण तें वाळलेलें असतें; आणि खात्याच्या दृष्टीनेंही तें निरुपयोगी, कारण त्याच्यांतून फळी निघत नाहीं. याहून मोठा घोटाळा पुढेंच आहे. हा पक्षी विरळ रानाचा. खालची जमीन उघडी असेल तरच त्याची शिकार साधते. अशी सालई, मोयन, अंजन यांची तुरळक झाडें असलेली उघडी जागा कागदोपत्रीं 'पडीक' ठरते, आणि पडीक जागेवर दाट ओळींनीं रोपें लावणें हें तर पुण्यकर्म! तेव्हां ज्या दिवशीं त्या उतारावर खड्डे पडतात, त्या दिवशीं झाडांची संख्या वाढते आणि रानपिंगळ्याचें ताट पालथें होतें. निकोबारच्या अरण्याचा मोबदला हरियाणांत देणारी जी बुद्धि, तिचीच ही धाकटी बहीण. झाड म्हणजे झाड, जागा म्हणजे जागा, आंकडा जुळला कीं काम झालें!

दुसरा पक्ष याच्या अगदीं उलट बोलतो, आणि तो आमच्याच वर्गांत अधिक आढळतो. त्याच्या मतें सारा दोष आदिवासींचा आहे: तेच झाडें तोडतात, तेच अतिक्रमणें करितात, त्यांना हांकलून लावा म्हणजे जंगल वांचेल. अतिक्रमणें झालीं आहेत, यावलच्या रानाचे लचके तुटले आहेत, हें कोणी नाकारूं नये; वनहक्काच्या २००६ च्या कायद्यानें १३ डिसेंबर २००५ ही सीमा ठरविली असतां तिच्यानंतर पाडलेल्या झाडांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण खानदेशच्या जंगलाची फाळणी करणारा पहिला हात कोणाचा? अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ मध्यें, कापसास सोन्याचा भाव आला आणि तापीचें खोरें कापसाखालीं गेलें. त्याच दशकांत आगगाडी भुसावळास पोहोंचली आणि तिच्या रुळांखालीं लांकूड लागलें. तो कापूस पावऱ्यांनीं विकला नव्हता. आणि फार मागें जाण्याचें कारणही नाहीं. नर्मदेवर सरदार सरोवर बांधलें, अक्राणी-अक्कलकुव्याचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि त्या विस्थापितांना जमीन कोठें द्यावी हा प्रश्न पडला, तेव्हां तळोदें तालुक्यांतील जंगलाची जमीन मोकळी करून देण्यांत आली. सातपुड्याच्या ज्या पायथ्याशीं डेव्हिडसननें रानपिंगळा मिळविला होता, त्याच पायथ्याचें हें रान. आदिवासींनीं आपलें गांव गमावलें, पिंगळ्यानें आपलें रान गमावलें. पाणी आणि वीज मात्र तिसऱ्यांच्याच घरीं गेली. अशा व्यवहाराचा हिशेब मांडतांना केवळ कुऱ्हाड धरणाऱ्या हाताकडे बोट दाखविणें आम्हांस तरी शोभत नाहीं.

या ठिकाणीं घुबडाच्या अपशकुनाविषयीं दोन ओळी लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पहांटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोश्यास आपण 'पिंगळा' म्हणतों आणि त्यास पसाभर धान्य घालतों; पक्षी पिंगळा कौलांवर ओरडला तर मात्र दगड मारितों. दिवाळीच्या सुमारास लक्ष्मी वश करण्यासाठीं त्याच लक्ष्मीच्या वाहनाचे बळी देणारे लोक या देशांत आहेत, आणि घुबडें पकडणें-विकणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा असतांही त्यांचा व्यापार चोरून चालतो. त्या व्यापाराचें गिऱ्हाईक डोंगरांतला माणूस नसतो. पैसे देऊन घुबड घेण्याची ऐपत शहरांतच असते.

मग करावयाचें काय? कोट्यवधि रुपयांची वेधशाळा उभारा असें आम्ही सांगत नाहीं. गालापागोसमध्यें डाफ्ने मेजर नांवाचें एक ओसाड बेट आहे, अर्ध्या चौरस किलोमीटराहूनही लहान. पीटर व रोझमेरी ग्रँट हें दांपत्य १९७३ पासून सुमारें चाळीस वर्षें दरसाल तेथें जात राहिलें. त्यांनीं केलें काय? फिंच नांवाच्या चिमण्यांएवढ्या पक्ष्यांच्या पायांत कडीं घातलीं, त्यांच्या चोंची मोजल्या, बिया मोजल्या, आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हां तेंच केलें. १९७७ सालीं तेथें भयंकर अवर्षण पडलें. लहान बिया संपल्या, टणक बिया तेवढ्या उरल्या, आणि दणकट चोंचीचे पक्षी जगले, बाकीचे बहुतेक मेले. पुढच्या पिढीची चोंच मोठी निघाली. डार्विननें जें अनुमान केलें होतें तें या जोडप्यानें डोळ्यांनीं पाहिलें, आणि हातीं होती मोजपट्टी, वही व चिकाटी. अवर्षण तर खानदेशासही नवें नाहीं. पण दुष्काळांत आपल्या रानांतील सापसुरळ्या व उंदीर किती घटतात आणि रानपिंगळ्याचीं किती पिलें उडण्याइतकीं मोठीं होतात, हें सलग वीस वर्षें मोजणारी वही येथील कोणत्या कॉलेजांत आहे?

जळगांवास १९९० पासून आमचें स्वतःचें विद्यापीठ आहे. बहिणाबाईंसारख्या, झाडापाखरांशीं बोलणाऱ्या कवयित्रीचें नांवही त्यास दिलें गेलें आहे. शिरपूर, चोपडें, यावल, शहादें या प्रत्येक गांवीं प्राणिशास्त्र शिकविणारीं महाविद्यालयें आहेत आणि दरसाल शेंकडों विद्यार्थी तेथें बेडकाचीं आंतडीं रेखाटून पदवी घेतात. त्यांपैकीं दहा जणांनीं हिवाळ्यांतील दहा सकाळी पालच्या किंवा तोरणमाळच्या रानांत घालविल्या, बरोबर एखाद्या पावरा तरुणास योग्य मजुरी देऊन गुरु म्हणून घेतलें, ढोलीचें एकेक झाड नकाशावर मांडलें, तर पांच वर्षांत जो ग्रंथ तयार होईल तो संग्रहालयांच्या कपाटांतील सात कातड्यांहून मोलाचा ठरेल. असें काम करणारे हौशी लोक आमच्या जिल्ह्यांत थोडे का होईना आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. सुट्टीचा दिवस मोडून, पदरचे पैसे खर्चून ते सातपुड्यांत जातात. आणि घरचे त्यांना विचारतात कीं, घुबडें पाहून पोट भरतें काय? आमचे वाचक बहुधा हेच घरचे लोक असतात, म्हणून हें त्यांना उद्देशून लिहिलें आहे.

वनखात्याकडे आमची मागणी याहूनही लहान आहे. बेटें जोडावयाचीं तर मधल्या उतारांवरील कोणतीं जुनीं झाडें राखावीं लागतील हें आधीं ठरवावें लागेल, आणि तें ठरविण्यासाठीं एक साधी यादी लागेल. रोपांच्या हिशेबाशेजारीं आणखी एक रकाना आंखावा: यावल व अनेर या दोन अभयारण्यांत, आणि त्यांच्यामधल्या टापूंत, ढोली असलेलीं किती झाडें आज उभीं आहेत, आणि गतवर्षाच्या मानानें किती पडलीं? हा आंकडा खात्यानें प्रसिद्ध करावा. तो आला कीं या मासिकाचे संपादक त्यास जागा देतील अशी आमची खात्री आहे. रानपिंगळ्याचा वीण-हंगाम हिवाळ्याच्या तोंडीं सुरू होतो, तोंपर्यंत वाट पाहण्यास आम्ही तयार आहों.